विश्लेषण : कर्करोगाचे औषध स्वस्त झाले, पण ते कोणाला लागू पडणार? ‘बायोमार्कर’ चाचणी का महत्त्वाची?

केंद्र सरकारने जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ट्रॅस्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन, ओसिमर्टिनिब आणि ड्युर्व्हालुमॅब या कर्करोगावरील तीन औषधांचे सीमाशुल्क माफ केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये या तिन्ही औषधांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय झाला. पुढे २०२५ च्या अर्थसंकल्पात कर्करोग आणि दुर्मीळ आजारांसह गंभीर विकारांवरील ३६ औषधांना सीमाशुल्कातून सूट मिळाली आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३३ जीवरक्षक औषधे जीएसटीमुक्त झाली. रुग्णांच्या नातेवाईकांसाठी हा मोठाच दिलासा. मात्र यातील अनेक औषधे कर्करोग झालेल्या प्रत्येकाला देण्यासाठी नाहीत. ओसिमर्टिनिब कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, हे गाठीच्या तुकड्याची एक चाचणी ठरवते. ती चाचणी झालीच नाही, तर औषध कितीही स्वस्त झाले तरी ते योग्य रुग्णापर्यंत पोहोचत नाही. या चाचणीत जे शोधले जाते ते ‘बायोमार्कर’ काय आहेत, त्यांच्यामुळे औषधे कशी घडली आणि आपल्याकडे नेमकी अडचण कुठे आहे, याचा हा आढावा.

बायोमार्कर म्हणजे काय?

बायोमार्कर म्हणजे शरीरात मोजता येणारी जैविक खूण. ती एखाद्या प्रथिनाच्या, जनुकातील बदलाच्या किंवा गुणसूत्रांच्या अदलाबदलीच्या रूपात असू शकते. कर्करोगाच्या संदर्भात ‘मार्कर’ हा शब्द चार-पाच वेगवेगळ्या अर्थांनी वापरला जातो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

रक्तातील पीएसए, सीए-१२५ किंवा सीईए या तपासण्या अनेकांनी ऐकलेल्या असतात. आजार झालेल्या रुग्णावर उपचारांचा परिणाम होतो आहे का, आजार उलटला आहे का, हे पाहण्यासाठी त्यांचा प्रामुख्याने उपयोग होतो. काही खुणा आजार किती आक्रमक आहे याचा अंदाज देतात. काही खुणा जन्मजात असतात. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांतील दोष आईवडिलांकडून येतो आणि स्तन व अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढवतो.

या लेखाचा विषय आहे तो चौथा प्रकार, म्हणजे अमुक औषध या रुग्णाला लागू पडेल की नाही हे आधीच सांगणारी खूण. ही खूण बहुतेक वेळा गाठीच्या पेशींत असते, रुग्णाच्या इतर पेशींत नसते. त्यामुळे ती शोधण्यासाठी बायोप्सीत काढलेला तुकडा लागतो. ज्या बिघाडामुळे पेशी बेफाम वाढते, त्याच बिघाडावर नेम धरणारे औषध दिले की त्याला ‘टार्गेटेड थेरपी’ किंवा लक्ष्यवेधी उपचार म्हणतात. केमोथेरपी वेगाने वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर तुटून पडते. म्हणून केस गळतात, तोंड येते, रक्तपेशी घटतात. लक्ष्यवेधी औषधांनाही दुष्परिणाम असतात, पण त्यांचे स्वरूप वेगळे असते.

याची सुरुवात कशी झाली?

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. स्तनाच्या काही गाठींना वाढण्यासाठी इस्ट्रोजेन हे संप्रेरक लागते, हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्पष्ट झाले होते. ज्या गाठीत इस्ट्रोजेनचे रिसेप्टर असतात तिथे इस्ट्रोजेनची वाट अडवणारे टॅमॉक्सिफेन उपयोगी पडते. अमेरिकेत या औषधाला १९७७ मध्ये मान्यता मिळाली. आजही ईआर ही चाचणी स्तनाच्या कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णासाठी आवश्यक आहे. टॅमॉक्सिफेन अत्यंत स्वस्त गोळी आहे. त्यामुळे लक्ष्यवेधी उपचार म्हणजे लाखोंचाच खर्च, हा समज बरोबर नाही.

दुसरी कथा रक्ताच्या कर्करोगाची. १९६० मध्ये पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांच्या पेशींत एक नेहमीपेक्षा आखूड गुणसूत्र दिसले. शहराच्या नावावरून त्याला ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ म्हटले गेले. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवून दिले की नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्याने हा प्रकार होतो. या अदलाबदलीत दोन जनुके एकमेकांना जोडली जातात आणि ‘बीसीआर-एबीएल’ हे विकृत प्रथिन तयार होते. विजेचे बटण चालू स्थितीत अडकून बसावे तसे हे प्रथिन पेशीला सतत वाढण्याचा हुकूम देत राहते.

ते बटण बंद करणारे रसायन म्हणजे इमॅटिनिब. ब्रायन ड्रकर यांच्या नेतृत्वाखाली १९९८ मध्ये रुग्णांवरील चाचण्या सुरू झाल्या. पुरेशी मात्रा मिळालेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांच्या रक्तपेशींचे प्रमाण पूर्ववत झाले. मे २००१ मध्ये अमेरिकेने औषधाला मान्यता दिली. पुढील मोठ्या अभ्यासात दहा वर्षांनंतर सुमारे ८३ टक्के रुग्ण हयात होते. काही वर्षांत जीव घेणारा आजार रोज एक गोळी घेऊन सांभाळण्याजोगा झाला. आधी खूण सापडली, मग खुणेमागचे कारण कळले आणि त्यानंतर औषध आले. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत ४१ वर्षे गेली.

स्तनाच्या कर्करोगात ‘हर-२’ला एवढे महत्त्व का?

१९८७ मध्ये डेनिस स्लॅमन आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या १८९ गाठी तपासल्या. जवळपास ३० टक्के गाठींमध्ये ‘हर-२’ या जनुकाच्या जादा प्रती होत्या आणि अशा महिलांचा आजार अधिक वेगाने उलटत होता. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत हे प्रमाण १५ ते २० टक्के असल्याचे दिसले. या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे तयार केली गेली. तेच ट्रॅस्टुझुमॅब. सप्टेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत औषधाला आणि त्यासोबतच्या हर-२ चाचणीला एकाच वेळी परवानगी मिळाली.

औषधाच्या चाचण्यांसाठी फक्त हर-२ असलेल्या महिलाच निवडल्या होत्या. आजार पसरलेल्या महिलांमध्ये केमोथेरपीला या औषधाची जोड दिल्यावर सरासरी आयुर्मान सुमारे २० महिन्यांवरून २५ महिन्यांवर गेले. सरसकट सगळ्याच महिलांना औषध दिले असते, तर पाचातल्या चौघींना काहीच फायदा झाला नसता आणि उरलेल्या एकीला झालेला फायदा सरासरीत हरवून गेला असता. कदाचित औषधच निरुपयोगी ठरून कपाटात गेले असते. २००५ मध्ये हेच औषध सुरुवातीच्या टप्प्यात दिल्यास आजार उलटण्याचा धोका जवळपास निम्म्याने घटतो, हे दिसले. एकेकाळी सर्वांत वाईट समजला जाणारा हा प्रकार त्यामुळे उपचारांना चांगला प्रतिसाद देणारा ठरला.

हर-२ चाचणीचा अहवाल ०, १+, २+ किंवा ३+ असा येतो. ३+ म्हणजे होकार. २+ म्हणजे संदिग्ध. अशा वेळी ‘फिश’ ही जनुकांच्या प्रती मोजणारी पुढची चाचणी करावी लागते. पूर्वी ० आणि १+ या दोन्हींचा अर्थ ‘हर-२ नाही’ असाच घेतला जाई. २०२२ मध्ये त्यात बदल झाला. ट्रॅस्टुझुमॅबलाच केमोथेरपीचे रेणू जोडून तयार केलेले ट्रॅस्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन हे हर-२ कमी असलेल्या, म्हणजे १+ किंवा फिश चाचणीत नकार आलेल्या २+ रुग्णांनाही उपयोगी पडते, असे एका मोठ्या चाचणीत दिसले. आजार पसरलेल्या आणि आधी केमोथेरपी झालेल्या या महिलांचे सरासरी आयुर्मान १६.८ महिन्यांवरून २३.४ महिन्यांवर गेले. सूक्ष्मदर्शकाखाली ० आणि १+ यांतला फरक अगदी फिकट रंगाचा असतो. तो नीट ओळखणाऱ्या पॅथॉलॉजिस्टच्या नजरेवर आता मोठा निर्णय अवलंबून आहे.

चाचणी न करता औषध दिले तर काय होते?

याचे उत्तर गेफिटिनिब या औषधाच्या कथेत मिळते. फुप्फुसाच्या कर्करोगावरील या गोळीला अमेरिकेत मे २००३ मध्ये तातडीची मान्यता मिळाली. काही रुग्णांत गाठ झपाट्याने विरघळत होती आणि बहुतेकांत काहीच होत नव्हते. कारण कोणालाच ठाऊक नव्हते. २००४ मध्ये बोस्टनमधील दोन गटांनी ते शोधले. प्रतिसाद देणाऱ्यांच्या गाठीत ‘ईजीएफआर’ या जनुकात विशिष्ट उत्परिवर्तन होते. त्याच सुमारास रुग्ण न निवडता केलेल्या मोठ्या चाचणीत औषधाने आयुष्य वाढत नसल्याचे दिसले आणि २००५ मध्ये अमेरिकेने त्याच्या वापरावर कडक मर्यादा घातली.

यानंतर आशियात झालेला ‘आयपास’ हा अभ्यास निर्णायक ठरला. धूम्रपान न करणारे किंवा पूर्वी अगदी कमी केलेले १,२१७ रुग्ण त्यात होते. निम्म्यांना गेफिटिनिब, निम्म्यांना केमोथेरपी दिली गेली. २००९ मध्ये निष्कर्ष आले. ईजीएफआर उत्परिवर्तन असलेल्या रुग्णांत गेफिटिनिबने ७१ टक्के जणांची गाठ आटली, केमोथेरपीने ४७ टक्के जणांची. उत्परिवर्तन नसलेल्या रुग्णांत केमोथेरपीचा प्रतिसाद २३.५ टक्के होता आणि गेफिटिनिबचा अवघा १.१ टक्का.

म्हणजे तीच गोळी एका रुग्णासाठी केमोथेरपीपेक्षा कितीतरी सरस आणि शेजारच्या खाटेवरील रुग्णासाठी जवळजवळ निरुपयोगी. शिवाय ती घेण्यात दुसऱ्या रुग्णाचे मोलाचे महिने वाया जातात. ‘गोळी सोपी आहे, देऊन तर बघू’ हा विचार म्हणूनच धोक्याचा आहे. पुढे २०१५ मध्ये गेफिटिनिब अमेरिकी बाजारात पुन्हा आले ते ईजीएफआर चाचणीची अट घेऊनच.

बायोमार्करमुळे औषधनिर्मिती कशी बदलली?

पूर्वी एखादे रसायन पेशी मारते असे दिसले की ते वेगवेगळ्या कर्करोगांवर वापरून पाहिले जाई. आता सुरुवात खुणेपासून होते. गाठींच्या जनुकीय नकाशातून एखादा वारंवार आढळणारा बिघाड सापडतो, त्या प्रथिनाची रचना पाहून त्यात अडकेल असा रेणू घडवला जातो आणि औषधासोबत ती खूण शोधणारी चाचणीही विकसित होते. निवडक रुग्णांमुळे चाचण्या लहान आणि वेगवान होतात.

२०१७ मध्ये आणखी एक टप्पा ओलांडला गेला. डीएनएतील चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडल्याची खूण असेल, तर कर्करोग कोणत्याही अवयवाचा असो, पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध देता येईल, अशी मान्यता अमेरिकेने दिली. अवयवाऐवजी खुणेवर आधारलेली ती पहिली मान्यता. २०१८ मध्ये लॅरोट्रेक्टिनिबला अशीच मान्यता मिळाली.

पण खूण सापडली म्हणजे औषध सापडलेच, असे होत नाही. ‘केरास’ या जनुकाचा कर्करोगातील सहभाग १९८२ मध्ये उघड झाला. त्याचे प्रथिन इतके गुळगुळीत की औषधाला पकडायला जागाच मिळेना. २०१३ मध्ये त्याच्या एका प्रकारात बारीकशी खाच सापडली आणि २०२१ मध्ये सोटोरासिब हे पहिले औषध आले. दरम्यान या जनुकाचा वेगळाच उपयोग झाला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात केरासमध्ये उत्परिवर्तन असेल, तर सेटक्सिमॅब हे महागडे औषध चालत नाही, हे २००८ च्या सुमारास सिद्ध झाले. औषध कोणाला देऊ नये हे सांगणारी खूणही तितकीच मोलाची असते. रुग्णाचा पैसा वाचतो आणि त्रासही.

अवयव पूर्णपणे गैरलागू झाला, असेही नाही. ‘बीराफ’ जनुकातील एक विशिष्ट बदल त्वचेच्या मेलॅनोमात असेल, तर त्यावरील गोळी उत्तम चालते. तोच बदल मोठ्या आतड्याच्या गाठीत असताना तीच गोळी एकटी दिली तर फारसे काही होत नाही, कारण तिथल्या पेशी ईजीएफआरच्या वाटेने लगेच पर्याय शोधतात. दोन्ही वाटा एकदम अडवल्यावर परिणाम दिसला.

मग कर्करोग औषधाला पुन्हा दाद का देईनासा होतो?

गाठीतील सगळ्या पेशी एकसारख्या नसतात. औषधाने बहुतेक पेशी मरतात, पण एखाद्या पेशीत असा बदल असतो की औषध तिला चिकटू शकत नाही. ती तगते आणि वाढते. गेफिटिनिबसारख्या गोळ्या घेणाऱ्या निम्म्याहून अधिक रुग्णांत कालांतराने ‘टी-७९०-एम’ हा नवा बदल दिसतो. त्यावर मात करण्यासाठीच ओसिमर्टिनिब आले. पुढे ते सुरुवातीपासूनच देऊन पाहिले, तेव्हा आजार रोखून धरण्याचा काळ साधारण १० महिन्यांवरून १९ महिन्यांवर गेला. त्यालाही कालांतराने प्रतिकार निर्माण होतोच. पसरलेल्या आजारात ही औषधे बहुधा आजार मुळासकट काढत नाहीत, तो लांबवतात. नातेवाईकांनी अपेक्षा ठेवताना हे ध्यानात घ्यायला हवे.

आजार उलटल्यावर खूण बदललेली असू शकते, म्हणून पुन्हा चाचणी लागते. फुप्फुसातून दुसऱ्यांदा तुकडा काढणे जिकिरीचे असते. अशा वेळी ‘लिक्विड बायोप्सी’ कामी येते. मरणाऱ्या गाठीच्या पेशींतील डीएनएचे तुकडे रक्तात मिसळतात. हातातून घेतलेल्या रक्तात ते शोधले जातात. ईजीएफआरसाठी अशा चाचणीला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली. तिची एक मर्यादा आहे. रक्तात खूण सापडली तर ती बहुधा असतेच, पण सापडली नाही म्हणून ती नाहीच, असे म्हणता येत नाही. शक्य असेल तर तुकड्यावर खात्री करावी लागते.

भारतातील चित्र काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात कर्करोगाचे सुमारे १४ लाख १३ हजार नवे रुग्ण आढळले आणि ९ लाखांहून अधिक मृत्यू झाले. महिलांत स्तनाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर असून त्याचे नवे रुग्ण १ लाख ९२ हजार होते.

पाश्चात्त्य देशांतील आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये फुप्फुसाच्या अॅडिनोकार्सिनोमाच्या ९०७ रुग्णांच्या तपासणीत २३ टक्के जणांत ईजीएफआर उत्परिवर्तन आढळले होते. युरोप-अमेरिकेत हे प्रमाण साधारण १० ते १५ टक्के, तर पूर्व आशियात ४० टक्क्यांच्या पुढे आहे. म्हणजे आपल्याकडे या प्रकारच्या चार-पाच रुग्णांमागे एकाला गोळीचा फायदा होऊ शकतो. महिला आणि कधीच धूम्रपान न केलेल्यांत ही शक्यता आणखी जास्त असते.

महागडी नवी गोळी परवडत नाही, तर उपलब्ध औषधे अधिक चांगल्या रीतीने वापरता येतील का, हाही प्रश्न टाटा मेमोरियलने हाताळला. ३५० रुग्णांच्या चाचणीत गेफिटिनिबला केमोथेरपीची जोड दिल्यावर आजार रोखून धरण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. दुष्परिणाम वाढले, हेही त्याच अभ्यासात नोंदले गेले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांची दखल जगभर घेतली गेली.

किमतीच्या आघाडीवर भारताची कामगिरी मोठी आहे. इमॅटिनिबच्या सुधारित रूपावरील पेटंटचा नोव्हार्टिस कंपनीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला. मूळ औषधाचा खर्च तेव्हा महिन्याला सव्वा लाखाच्या घरात होता आणि भारतीय कंपन्यांची तीच गोळी ८ ते १० हजारांत मिळत होती. त्याच वर्षी बायोकॉनच्या ट्रॅस्टुझुमॅबला भारतात परवानगी मिळाली. २०१७ मध्ये अमेरिकेनेही ते स्वीकारले. २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने तर देशभरातील रुग्णालयांची मागणी एकत्र करून ४० औषधांचे दर घासाघीस करून खाली आणले.

तरी अडचण कुठे येते?

अडचण औषधाच्या आधीच्या पायऱ्यांवर येते. फुप्फुसाच्या अनेक रुग्णांना खोकला आणि क्ष-किरण चित्रातील डागामुळे आधी क्षयरोगाची औषधे दिली जातात. निदान होईपर्यंत आजार पसरलेला असतो.

दुसरी पायरी तुकड्याची. सुईने केवळ काही पेशी खेचून केलेल्या एफएनएसी तपासणीत कर्करोग आहे एवढे कळते, पण पुढच्या चाचण्यांसाठी ऐवज पुरत नाही. गाठ काढल्यावर ती तासाभरात योग्य प्रमाणातील फॉर्मॅलिनमध्ये जायला हवी आणि त्यात किमान ६ ते कमाल ७२ तास राहायला हवी, असा ईआर आणि हर-२ चाचण्यांचा आंतरराष्ट्रीय निकष आहे. तालुक्याच्या गावी शस्त्रक्रिया झाली, बाटलीत फॉर्मॅलिन अपुरे पडले, शनिवार-रविवार आणि सणाची सुट्टी आली आणि नमुना मंगळवारी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पोहोचला, तर असलेली खूणही अहवालात ‘नाही’ म्हणून येऊ शकते. हाडातून घेतलेला तुकडा तीव्र आम्लाने मऊ केला, तर त्यातील डीएनए खराब होतो. या चुकांना फारसा पैसा लागत नाही आणि त्या टाळायलाही लागत नाही. लागते ती शिस्त.

तिसरी पायरी खर्चाची. ईजीएफआरसारख्या एका जनुकाच्या चाचणीला काही हजार रुपये लागतात. एकाच वेळी अनेक जनुके वाचणाऱ्या ‘एनजीएस’ चाचणीचा खर्च त्याच्या अनेक पट. हे पैसे उपचार सुरू होण्याआधीच, बहुधा खिशातून द्यावे लागतात. अहवालाला एक-दोन आठवडे, कधी अधिक काळ लागतो. रुग्णाला धाप लागलेली असते, घरचे घाबरलेले असतात. मग चाचणीविना केमोथेरपी सुरू होते आणि अहवालाचा विषय मागे पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत इमॅटिनिब आणि ट्रॅस्टुझुमॅब २०१५ मध्ये आली. अत्यावश्यक चाचण्यांची पहिली यादी निघाली ती २०१८ मध्ये, आणि तिच्यात कर्करोगाच्या चाचण्यांची भरीव भर पडली ती २०१९ मध्ये. औषधाचा विचार आधी आणि चाचणीचा नंतर, हा क्रम जगभरच राहिला आहे. करसवलतींच्या आपल्या घोषणांतही तो दिसतो. औषधावरील सवलतीला प्रमाणित चाचणीची, नमुना वाहतुकीची आणि प्रशिक्षित पॅथॉलॉजिस्टची जोड मिळाली, तरच तिचे पुरेपूर मोल वसूल होईल.

रुग्ण आणि नातेवाईकांनी काय विचारावे?

शस्त्रक्रिया किंवा बायोप्सीआधीच ‘हा तुकडा पुढील चाचण्यांना पुरेल ना?’ असे विचारता येते. स्तनाच्या कर्करोगात ईआर, पीआर आणि हर-२ हे तीन निकाल हातात आल्याशिवाय उपचारांची दिशा ठरत नाही. हर-२ चा अहवाल २+ असेल, तर फिश चाचणी झाली का, याची खात्री करावी. फुप्फुसाच्या अॅडिनोकार्सिनोमात ईजीएफआरसोबत एएलके आणि आरओएस-१ यांचीही तपासणी होते. अंडाशयाच्या कर्करोगात बीआरसीए तपासावे लागते, कारण त्यावर ओलापॅरिबसारखी औषधे आहेत. हा दोष जन्मजात निघाला, तर भावंडे आणि मुलांत तो असण्याची शक्यता प्रत्येकी ५० टक्के असते. पुरुषांतही तो असू शकतो. म्हणून चाचणीआधी आणि नंतर समुपदेशन घ्यावे.

तुकडा मेणात बसवून त्याचा छोटा ‘ब्लॉक’ केला जातो. तो वर्षानुवर्षे टिकतो. दुसऱ्या रुग्णालयात जाताना फक्त कागदी अहवाल नेऊन भागत नाही, ब्लॉक आणि काचपट्ट्याही मागून घ्याव्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान भारतखाली उपचार घेत असल्यास कोणत्या चाचण्या आणि कोणती औषधे योजनेत बसतात, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच विचारावे.

आणि निरोगी व्यक्तींनी आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये ‘ट्युमर मार्कर’ आहेत म्हणून हुरळून जाऊ नये. सीए-१२५ किंवा सीईए हे आकडे साध्या कारणांनीही वाढतात आणि कर्करोग असतानाही नेहमीच्या मर्यादेत राहू शकतात. विनाकारण धास्ती किंवा खोटा दिलासा, दोन्ही घातक.

म्हणजे आता प्रत्येकासाठी नेमके औषध मिळेल?

नाही. अनेक रुग्णांच्या गाठीत औषध उपलब्ध असलेली कोणतीही खूण सापडत नाही. शेकडो जनुके वाचून आलेला वीस पानी अहवाल हाती पडतो आणि उपचार तेच राहतात. अशा वेळी शस्त्रक्रिया, रेडिओथेरपी आणि केमोथेरपी हेच आधार असतात आणि त्यांनीही असंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात. खूण नाही म्हणजे आशा नाही, असा अर्थ काढू नये.

भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा तोंडाचा कर्करोग याचे ठळक उदाहरण आहे. तंबाखू, गुटखा आणि सुपारीमुळे होणाऱ्या या गाठींत जनुकीय बिघाड पुष्कळ असतात, पण ईजीएफआर किंवा हर-२ प्रमाणे औषधाची निवड ठरवणारी खूण तिथे अद्याप नाही. त्या आजाराची ओळखता येणारी खूण वेगळी आहे. पंधरा दिवस न भरणारी जखम, गालाच्या आतला पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे. ती पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. आरसा, उजेड आणि वेळेवर गाठलेला डॉक्टर पुरेसा असतो.